देवगडचा पॉइंट गार्ड: यात करिअर होतं का?

देवगडहून एका वडिलांचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: मुलगा दहावीत आहे, उंची 5 फूट 7 इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, म्हणून खेळतो. तालुक्याच्या सामन्यात संघाच्या चाळीसेक गुणांतले पंचवीस-तीस एकटाच करतो. त्याला बास्केटबॉलमध्येच करिअर करायचंय. उंची आड येईल का, यातून पोट भरेल का, आणि बारावीपर्यंत देवगडलाच ठेवावा की आत्ताच बाहेर पाठवावा?

मी याच जागेवर खेळलो, रेल्वे-पोलीस असल्या एका खात्याच्या संघाकडून बरीच वर्षं, आणि आता रत्नागिरीत पोरांना शिकवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

उंचीचं आधी उरकून टाकू. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, मग्सी बोग्ज नावाचा गडी 5 फूट 3 इंच उंचीवर 14 हंगाम खेळला. जॉन स्टॉकटन 6 फूट 1 इंच. दिसायला बँकेत कॅशियर शोभला असता, पण एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक असिस्ट त्याच्या नावावर आहेत: 15,806. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली तो पास. उलट टोकाला मॅजिक जॉन्सन, 6 फूट 9 इंच, तोही पॉइंट गार्डच. म्हणजे ही जागा उंचीवरून ठरत नाही. मात्र खोटी आशाही देत नाही. आशियाई पातळीवर बहुतेक देशांचे गार्ड सहा फुटांच्या वर असतात. आपला विशेष भृगुवंशी, वाराणसीचा, बरीच वर्षं भारताचा कर्णधार, तोही सहा फुटांच्या चांगलाच वर आहे. तुमचा मुलगा अजून वाढेल, कदाचित तीन-चार इंच. घरात मामा-काका किती उंच आहेत ते बघा, तोच त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज. जाहिरातीतल्या पावडरींवर पैसे घालवू नका. 5 फूट 9-10 इंचांवर विद्यापीठ, राज्य आणि खात्याचा संघ इथपर्यंत मजल मारलेले गार्ड मी भरपूर बघितलेत. भारतीय संघाची जर्सी त्या उंचीला अवघड जाते, एवढं स्पष्ट सांगतो.

तुमच्या प्रश्नात मला उंचीपेक्षा ते पंचवीस-तीस गुण जास्त खटकले.

रागावू नका. तालुक्याला काय होतं ते मला ठाऊक आहे. समोरच्या शाळेने कबड्डी नाहीतर खो-खोतली चपळ पोरं आदल्या आठवड्यात गोळा केलेली असतात. बचाव म्हणजे काय, तर चेंडू दिसला की पाचही जण त्याच्यावर तुटून पडतात. अशा वेळी ज्याच्या हाताला चेंडू चिकटतो आणि पायात वेग आहे तो पोरगा उजवीकडून घुसतो, ले-अप, म्हणजे बास्केटखाली पळत जाऊन जवळचा शॉट, मारतो, परत येतो, परत तेच करतो. टाळ्या पडतात, स्थानिक पेपरात नाव येतं. यात तो वेगाने धावायला शिकतो हे खरं. पण पॉइंट गार्डचं जे मुख्य काम, म्हणजे बाकीच्या चौघांना चेंडू योग्य जागी, योग्य क्षणी मिळवून देणं, त्याला हातही लागलेला नसतो. संघाच्या चाळीसपैकी तीस गुण करणारा मुलगा आज तुमच्या शाळेचा सर्वोत्तम खेळाडू आहे. तो पॉइंट गार्ड आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. त्यालाही नाही.

ते कळतं विभागीय स्पर्धेला गेल्यावर. आपले रत्नागिरी-सिंधुदुर्ग शालेय स्पर्धांत कोल्हापूर विभागात येतात. जिल्हा जिंकून पोरं हौसेने जातात आणि गाठ पडते कोल्हापूर-सांगलीच्या एखाद्या मुरलेल्या संघाशी. नियम असा, की चेंडू हातात आल्यापासून 8 सेकंदांत मधली रेषा ओलांडायची आणि 24 सेकंदांत शॉट घ्यायचा. तो संघ पूर्ण मैदानभर प्रेस लावतो, म्हणजे आपल्याच बास्केटपासून अंगावर येऊन अडवतो. आपला गार्ड सवयीने उजवीकडून निघतो. त्याच्यासमोरचा पोरगा चेंडू काढून घ्यायला झेपावतच नाही. अंगाने तिरका उभा राहून तो आपल्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत नेतो. मधली रेषा ओलांडल्याबरोबर कोपऱ्यात दुसरा बचावपटू वाट बघत उभाच असतो. आता एका बाजूला बाहेरची रेषा, मागे मधली रेषा, कारण चेंडू परत मागे नेता येत नाही, आणि समोर चार हात. आपला मुलगा ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, थांबवतो, चेंडू डोक्यावर धरतो आणि आंधळा पास फेकतो. तिसरा बचावपटू त्याच पासची वाट बघत असतो. असं चार-पाच वेळा झालं की सामना संपला. पोरं बसमध्ये म्हणतात, ‘सर, ते लय उंच होते.’ उंच असतीलही, पण हरवलं ते त्या सापळ्याने.

या सापळ्याचं उत्तर सोपं आहे, सांगायला पाच मिनिटं लागतात: मधली रेषा बाजूने ओलांडायची नाही, मध्यातून ओलांडायची. दुसरा माणूस निघालेला दिसला की तो पोचायच्या आधी पास सोडायचा, पोचल्यावर नाही. आणि डावा हात उजव्याइतकाच चालला पाहिजे. कळतं सगळ्यांना, जमत नाही कुणाला, कारण देवगडमध्ये असा सापळा लावणारं कुणी नाही. ही माझ्या सगळ्या उत्तराची मेख आहे. शूटर एकटा घडू शकतो. बास्केट आणि चेंडू असला की पहाटे उठून तो हजार शॉट मारेल. बास्केटखाली खेळणाऱ्या उंच सेंटरला एक चांगला प्रशिक्षक आणि एक जोडीदार पुरतो. पॉइंट गार्डचं मात्र तसं नाही. त्याचा सराव म्हणजे निर्णय, आणि निर्णयासाठी मैदानावर आणखी नऊ माणसं लागतात, त्यातली पाच त्याच्याहून सरस लागतात. तिसरीतल्या मुलाने कायम दुसरीच्याच वर्गात बसावं, तसं चाललंय आपल्या गार्डांचं.

सरस बचावासमोर तो नेमकं काय शिकतो, ते एका उदाहरणावरून दाखवतो. पिक अँड रोल हा आजच्या बास्केटबॉलचा कणा. आपला उंच खेळाडू येऊन गार्डच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो, आणि गार्ड त्याला घासून निघतो. शिकाऊ पोरगा इथे आपल्याच बचावपटूकडे बघत राहतो, तो अडकला की नाही म्हणून. बघायचं असतं दुसऱ्याच माणसाकडे: स्क्रीन लावणाऱ्याला जो धरून आहे त्याच्याकडे, आणि खरं तर त्याच्या पायांकडे. त्याने मागे पाऊल टाकलं तर समोर मोकळी जागा आहे, थांबून शॉट मारायचा. तो पुढे धावून आला तर त्याच्या मागे आपला उंच गडी बास्केटकडे निघालाय, दोघांच्या मधून चेंडू जमिनीवर आपटून त्याला द्यायचा. त्या दोघांनी माणसं बदलली तर आता जड माणूस आपल्यासमोर आहे, त्याला बाहेर ओढून नाचवायचा. आणि हे तिन्ही बघत असताना डोळ्याच्या कडेने पलीकडच्या कोपऱ्यातला तिसरा बचावपटूही टिपायचा. तो मदतीला आत सरकला की कोपऱ्यातला आपला शूटर मोकळा, लांब पास तिकडे. हे सगळं एक-दीड सेकंदात. एनबीएतला पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅश, त्याचे जुने सामने मुलाला दाखवा, चेंडू सोडून फक्त त्याची मान बघायला सांगा. पास एकीकडे जातो, मान आधीच दुसरीकडे वळलेली असते.

आणि हाच नॅश वयाचंही चांगलं उदाहरण आहे. कॅनडात शाळा शिकलेल्या या मुलाला अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, सांता क्लाराने. एनबीएत 1996 साली 15 व्या क्रमांकावर निवड झाली. एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, तो झाला 2005 आणि 2006 मध्ये, वय 31 आणि 32. दुसरा पॉइंट गार्ड जेसन किड सुरुवातीला इतका वाईट शूटर होता की तीन गुणांचे शॉट पहिल्या हंगामात जेमतेम 27 टक्के पडायचे. 2009-10 च्या हंगामात तोच 42 टक्क्यांच्या वर गेला आणि 2011 मध्ये, 38 व्या वर्षी, डॅलसच्या संघाकडून एनबीएचं विजेतेपद घेऊन बसला. नुसत्या उडीवर आणि वेगावर खेळणाऱ्याची तिशीनंतर पडझड होते. पॉइंट गार्डला डोक्याची साथ असेल तर तिशीत तो उलट सुधारतो. या जागेचा हा मोठा फायदा आहे. तोटाही ऐका: त्या डोक्याला घडायला वेळ लागतो, म्हणून सोळा-सतराव्या वर्षी निवड समितीला तो दिसत नाही. उंच पोरगा दारातून आत येतानाच दिसतो.

निवड चाचणीचं बोलायलाच हवं, कारण आपली पोरं तिथेच मागे पडतात. चाचणीत काय करतात, तर अनोळखी पाच जणांचा संघ बनवून दहा-पंधरा मिनिटं खेळवतात. त्या पाचही जणांना निवडून यायचं असतं, म्हणून चेंडू मिळाला की जो तो शॉट मारतो. पॉइंट गार्डने पास दिला की तो परत येत नाही. घाबरून तोही शॉट मारायला लागतो, आणि मग सहा फुटी पोरांच्या गर्दीत एक बुटका शूटर म्हणून गणला जातो. मी माझ्या पोरांना सांगतो, मैदानात उतरायच्या आधी चौघांची नावं विचारून घ्या. ‘ए’, ‘अरे’, ‘सात नंबर’ करून पास मागता येत नाही, नावाने हाक मारली की माणूस वळतो. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यात उंच मुलाला बास्केटखाली दोन सोपे चेंडू द्या. तो खूष होतो आणि तिसऱ्या वेळी तुमच्यासाठी आपणहून स्क्रीन लावायला येतो. बचावात सतत बोलत राहा. कागद घेऊन बसलेल्या निवड समितीच्या माणसाला मैदानावर कोणाचा आवाज ऐकू येतो, हे तो लिहून ठेवतो. मीही लिहितो.

बोलण्याचं आपल्याकडे फार मोठं दुखणं आहे. घरच्या मैदानावर पोरं गळा फाडून ओरडतात, ‘मागसून इलो रे! स्क्रीन इली डावीकडसून!’ आणि कोल्हापूर-पुण्याला गेली की मुखस्तंभ. भाषेची लाज वाटते. मी सांगतो, मालवणीतच ओरडा. समोरच्याला थोडं कमी कळलं तर आपलाच फायदा. पण ओरडा. गप्प पॉइंट गार्ड हा प्रकार माझ्या पाहण्यात टिकलेला नाही.

आता पोटाचा प्रश्न. ‘प्रोफेशनल’ म्हटलं की मुलाच्या डोळ्यासमोर एनबीएचा स्टार स्टेफ करी असतो. खरं चित्र असं, की भारतात वाढलेला एकही खेळाडू अजून एनबीएच्या मुख्य हंगामातला सामना खेळलेला नाही. पंजाबच्या सतनाम सिंगला 2015 मध्ये डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडलं, तो सात फुटांच्या वर उंच, आणि तरी त्याला मुख्य संघाकडून मैदानात उतरायला मिळालं नाही. पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. भृगुवंशीला 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संघाने करारावर घेतलं होतं, आपल्याकडच्या गार्डसाठी ती फार मोठी गोष्ट. देशातल्या लीगचं म्हणाल तर 2015 ते 2017 यूबीए नावाची लीग चालली आणि थांबली. 2022 मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या छत्राखाली आयएनबीएल ही लीग आली, त्यात मुंबईचा संघही होता. लीगमधून चार पैसे मिळतात, अनुभव मिळतो, पण त्यावर घर चालवायचा बेत करू नका.

भारतात बास्केटबॉलचं करिअर म्हणजे खात्याची नोकरी. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादलं, आयकर, वेगवेगळ्या राज्यांचे पोलीस, केरळचं वीज मंडळ. रेल्वेची क्रीडा कोट्यातली भरती 18 ते 25 वयात होते. राष्ट्रीय किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ पातळीवरची कामगिरी विचारतात, मग चाचणी घेतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे खालच्या गटात मूळ वेतन 19,900 किंवा 21,700, आणि मोठी कामगिरी असेल तर वरच्या गटात 25,500 किंवा 29,200. त्यावर भत्ते. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे. मुलींच्या पालकांनाही जाता जाता सांगतो, महिलांमध्ये रेल्वेचा संघ देशात दादा आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली ती आपल्याच मराठी मैदानांवर खेळून. देवगड-मालवणच्या मुलींनी यात मागे राहावं असं काही नाही.

खात्यात आयुष्य कसं असतं? सकाळी मैदान, मग ऑफिसात सही, दुपारी टेबलावर काही काम असलं तर काम, संध्याकाळी पुन्हा मैदान. वर्षातून आंतरविभागीय स्पर्धा, राष्ट्रीय, चार-दोन निमंत्रित स्पर्धा. स्पर्धेला गेलो की ड्युटीवर धरतात. खेळ चालू असेपर्यंत सगळे लाडावतात. तिशीत गुडघा बोलायला लागला की एक दिवस साहेब विचारतात, ‘फाईल कधी शिकणार?’ आमच्या संघातल्या ज्यांनी पदवी पुरी केली होती ते खात्याच्या परीक्षा देऊन वर चढले. ज्यांनी केली नव्हती ते तिथेच राहिले. म्हणून मुलाला खेळासाठी शाळा सोडायला लावू नका. तसंही आंतरविद्यापीठ स्पर्धा ही नोकरीची मुख्य शिडी आहे, आणि त्यासाठी कॉलेजात नाव लागतंच. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्यासाठी शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव गेला पाहिजे. शिक्षकांच्या मागे लागा, ते विसरतात.

खेळ संपल्यावरही गार्डला पुढची वाट इतरांपेक्षा सोपी असते. किड, नॅश, डॉक रिव्हर्स, टायरन लू, हे सगळे पॉइंट गार्ड आणि सगळे पुढे एनबीएत प्रशिक्षक झाले. आपल्याकडे पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेची प्रशिक्षकाची पदविका केली की शाळा, क्लब, साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) अशा जागा मिळू शकतात.

आता देवगडमधल्या या वर्षाचं. जोवर मुलगा घरी आहे तोवर काय करून घ्यावं? डावा हात. जेवणाचा घास सोडून बाकी सगळं, दात घासणं, दार उघडणं, दप्तर धरणं, कळशी उचलणं, डाव्याने. चेंडूवर रोज अर्धा तास, डोळे वर ठेवून. समोर भावाला उभं करा, त्याने बोटं दाखवायची आणि याने ड्रिबल करता करता आकडा ओरडायचा. पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं, तिथे अजिबात खेळू देऊ नका. घसरून मनगट मोडलेली पोरं मी दरवर्षी बघतो. शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप रिकामा असेल तर तो, नाहीतर घराची पडवी, ड्रिबलला तेवढं पुरतं. चिऱ्याच्या भिंतीवर पास मारायचे तर रबरी चेंडू घ्या, चांगला चेंडू जांभा दोन महिन्यांत खातो. मुलांना 7 नंबरचा, मुलींना 6 नंबरचा.

शॉटचा सराव पहाटे. किनाऱ्यावर दुपारी खारा वारा सुटला की लांबचा शॉट हातातून बरोबर सुटूनही भरकटतो, आणि मग पोरगा वाऱ्याला सोयीचं असं काहीतरी मनगट वळवायला शिकतो. ते पुढे इनडोअर हॉलमध्ये नडतं. पवनचक्क्यांच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा असतो तोही मंद, तेव्हाच मारून घ्या. रिंगची उंची 3.05 मीटर आहे का, ते एकदा टेपने मोजा. खाऱ्या हवेत खांब गंजून कललेले असतात आणि पोरं वर्षभर चुकीच्या उंचीवर शॉट मारत राहतात.

वाळूत धावायला सगळेच सांगतात. कोरड्या, मऊ वाळूत रोज धावलं की पोटरी आणि टाच दोन्ही धरतात. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर आठवड्यातून दोनदा पुरे. गार्डचा खरा शत्रू घोटा आहे. एका पायावर उभं राहून दात घासायचे, रोज, पाय बदलून. हसतील घरात, हसू दे. स्टॉकटनच्या 19 हंगामांत मिळून फक्त 22 सामने चुकले, ते नशिबाने झालं असं मला वाटत नाही. उलट डेरिक रोज 2011 मध्ये 22 व्या वर्षी एमव्हीपी झाला, आणि पुढच्याच वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पुढे तो खूप वर्षं खेळला, पण तो वेग परत आला नाही. तुमच्या मुलाला बूट घेताना रंग बघू देऊ नका, टाच घट्ट धरते का बघा. खाण्याचं आपल्याकडे काही अडत नाही: सकाळी पेज आणि अंडी, दुपारी बांगडा-भात, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी. वेफर आणि कोल्ड्रिंक तेवढं बंद करा.

आणि तालुक्याच्या पुढच्या सामन्यात त्याला एक काम द्या. पहिल्या हाफमध्ये त्याने स्वतः फक्त दोन शॉट घ्यायचे. बाकी प्रत्येक वेळी पास. संघ हरेल कदाचित, शिक्षक चिडतील, त्यांना आधी विश्वासात घ्या. त्या हाफमध्ये मुलगा वैतागून कडेला येतो, की चौघांपैकी कुणाला चेंडू कुठे आवडतो हे शोधायला लागतो, ते बघा. वैतागला तर तो चांगला स्कोअरर होईल, शूटिंग गार्ड, म्हणजे मुख्यतः शॉट मारणारा गार्ड, म्हणून पुढे न्या. शोधायला लागला तर त्याला पॉइंट गार्डच ठेवा.

तिसरा प्रश्न, बाहेर पाठवायचं का? माझं स्पष्ट मत: दहावीनंतर पाठवा, त्याच्या आधी नको, बारावीपर्यंत थांबू तर अजिबात नको. अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे 19 वर्षांखालील गट, तिथे तो रोज सरस पोरांसमोर घासला गेला पाहिजे. कोल्हापूर जवळ पडतं, पुणे आहे, मुंबईत नातेवाईक असतील तर मुंबई. मुंबईत नागपाड्यासारखी वस्ती आहे जिथे गल्लीतली पोरं क्रिकेटच्या बरोबरीने बास्केटबॉल खेळत मोठी झाली. अब्बास मुन्तसिर, भारताचा कर्णधार, 1970 चा अर्जुन पुरस्कार, तो तिथलाच. अशा मैदानावर संध्याकाळी कामावरून सुटलेली तिशीतली माणसं खेळायला येतात. वेग गेलेला असतो, पण अशी जागा धरतात की सतरा वर्षांचं वारू पण आत शिरू शकत नाही. पॉइंट गार्डसाठी ती खरी शाळा. क्लब निवडताना हॉल किती चकाचक आहे ते नंतर बघा. विचारायचं एवढंच, की सोळा-सतराच्या पोरांना सीनिअर लोकांबरोबर खेळायला मिळतं का? नाही म्हणाले तर दुसरीकडे चला.

खर्चामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे पाठवणं जमत नसेल, तर मधला मार्ग आहे: मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी पूर्ण अशा क्लबात काढायची, आणि एरवी महिन्यातून एकदा शनिवार-रविवार गाडी पकडून रत्नागिरीला या. आमच्याकडे कॉलेजची मुलं, पोलीस खात्यातले दोघे-तिघे आणि मी असे मिळून खेळतो. त्याला पहिल्या दिवशी कुणी चेंडू देणार नाही, तयारी ठेवून या.

निघायच्या आधी कागदपत्रांचं काम आत्ताच उरका. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर एक हवी. ‘सदाशिव’ एका ठिकाणी आणि ‘सदानंद’ दुसरीकडे असल्या घोळात पोरांची वर्षं गेलेली आहेत. स्पर्धेची प्रमाणपत्रं मिळतील तशी एका फाईलमध्ये लावा, मागे स्पर्धेचं ठिकाण, तारीख आणि संघाचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवा. सरकारी नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे ती पडताळून घ्यावी लागतात आणि तेव्हा दहा वर्षांपूर्वीची स्पर्धा कुठे झाली होती हे कुणालाच आठवत नाही. मूळ प्रती लॅमिनेट करू नका.